खांबसरांचं मैदान

माझा धाकटा भाऊ खेळाचा शिक्षक आहे. हे कुणाला सांगताना मला आधी हसू येतं आणि मग राग येतो. इतक्या वर्षांत हा क्रम काही बदललेला नाही. शाळेतली मुलं त्याला खांबसर म्हणतात. तोंडावर नाही, अर्थात. मुलं आपल्याला वचकून असतात असा त्याचा समज आहे. मुलं त्याला वचकत नाहीत, कंटाळतात. पण हा फरक कळायला मुलांच्या चेहऱ्याकडे बघावं लागतं, आणि हा बघतो त्यांच्या टाचा जुळल्यात की नाही ते.

मी त्याच शाळेचे गणवेश शिवते. घर आमचं एकच. वरच्या मजल्यावर तो, भावजय आणि त्यांची मुलगी; खाली रस्त्याच्या बाजूला मी, माझी दोन मशिनं आणि कापडाचे गठ्ठे. त्यामुळे त्याच्या गप्पा मला घरी ऐकाव्या लागतात आणि त्या गप्पांची फळं दुकानात बघावी लागतात. मी शिवायला सुरुवात केली तेव्हा माझं अर्धं काम गुडघ्यांचं असायचं. गुडघे फाटलेल्या पँटी, उसवलेल्या बगला, कुंपणाला अडकून टरकावलेले फ्रॉक. आया मुलांच्या नावानं बोटं मोडत यायच्या. आता गुडघा फाटलेली पँट माझ्याकडे येतच नाही. येतात त्या कंबर सैल करून घ्यायला. गुडघ्यावर नव्यासारखी इस्त्री आणि बुडाला मात्र बसून बसून चकाकी आलेली. नव्या पँटी शिवताना मी कमरेच्या शिलाईत आत जास्तीचं कापड ठेवते, म्हणजे सहा महिन्यांनी सोडायला बरं.

परवा एक आई मुलाला माप द्यायला घेऊन आली. माझ्या दुकानाला तीन पायऱ्या आहेत. त्या चढून तो मुलगा स्टुलावर बसला आणि धापा टाकायला लागला. वय असेल बारा. आईनं कौतुकानं सांगितलं की आमच्या याला बाहेरची आवडच नाही, अगदी शांत आहे, तासन् तास एका जागी बसतो. मी टेप घेऊन उभी, आणि हा मोबाईलमधून मान वर काढायला तयार नाही. शेवटी बसल्या बसल्या माप घेतलं. म्हातारी माणसं तरी उठून उभी राहतात.

तर माझा भाऊ. त्याला लहानपणी एकदा खोकला झाला होता. एकदाच. तेवढ्या भांडवलावर त्यानं पुढची सगळी वर्षं काढली. पळू नको, धाप लागेल. उन्हात जाऊ नको, चक्कर येईल. असं आई त्याला म्हणायची आणि तो एरवी कुणाचं ऐकत नसला तरी हे मात्र निमूट ऐकायचा. दुकानातून साखर आणायची तर मी. गच्चीवरचे कपडे काढायचे तर मी. त्याला चेंडू हवा झाला, तर तो आणला वडिलांनी आणि त्याच्यामागे धावायची मी. हा ओट्यावर बसून चेंडू फेकायचा, मी आणून द्यायची, हा पुन्हा फेकायचा. आम्ही दोघं खेळतोय असं मला तेव्हा वाटायचं.

अशा माणसानं खेळाचा शिक्षक का व्हावं, असं कुणीही विचारेल. कारण जागा तीच रिकामी होती. त्यासाठी एक परीक्षा द्यायची होती. पळताना शरीराचा भार कुठल्या पायावर असावा यावर त्यानं पानंच्या पानं लिहिली आणि वर्गात पहिला आला. प्रत्यक्ष पळून दाखवायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांचा दाखला पुढे केला. तोच जुना खोकला. घरात कौतुकाचा पूर आला. आई सगळ्यांना सांगायची, माझा मुलगा अंगाला घाम न येऊ देता खेळाचा शिक्षक झाला. तिला यात काही गैर वाटत नव्हतं, आणि त्याला तर नाहीच नाही.

शाळेला मोठं मैदान होतं. धूळ असायची, खड्डे असायचे, दुपारी मधल्या सुट्टीत तिथे कल्ला असायचा. यानं आल्या आल्या हिरवळ लावून घेतली आणि तिच्याभोवती दोरी बांधली. मैदान खेळून खराब होतं, असं त्याचं म्हणणं. खेळाचा शिक्षक म्हणतो मैदान खेळून खराब होतं, आणि समोरचे सगळे माना डोलावतात. मुख्याध्यापिकाबाईंनीही डोलावली. पाहुणे आले की त्यांना आधी ती हिरवळ दाखवतात.

मग खेळाच्या तासाला मुलं करतात काय? उभी राहतात. दोरीच्या बाहेर, रांगेत, उंचीप्रमाणे. हा खुर्चीवर, छत्रीच्या सावलीत. याची शिट्टी वाजली की ज्यानं त्यानं आहे तिथे थिजायचं, हात मांड्यांना चिकटवून, मान वर, नजर समोर. नाक खाजलं तरी खाजवायचं नाही. एखादं चुळबुळलं की पुन्हा पहिल्यापासून. ही त्याची एकमेव विद्या, आणि ती मात्र त्यानं जीव तोडून शिकवली. पहिलीत आलेलं पोर चिमणीसारखं टुणटुणत असतं. वर्ष संपेपर्यंत ते शिट्टी ऐकली की खुंटीला टांगलेल्या सदऱ्यासारखं होतं. वार्षिक परीक्षेत खेळाचा पेपर असतो, तोही लेखी. फुटबॉलचं मैदान किती लांब, गोलाच्या दोन खांबांत अंतर किती. मुलांना सगळं पाठ. चेंडूला पाय लावलेलं पोर शोधून सापडायचं नाही.

पालक खूष. कुणाला खरचटत नाही, कुणाचे कपडे मळत नाहीत, शाळेतून तक्रारीचा फोन येत नाही. भाऊ रस्त्यानं जाताना लोक त्याला थांबवून नमस्कार करतात. मुलांना काय वळण लावलंय सर तुम्ही, म्हणतात. हा मान तिरकी करून नम्रपणे हसतो. ते हसू बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आता अशा माणसाच्या पोटी देवानं भिंगरी घातली. हे तिचं नाव नाही, पण लहानपणापासून आम्ही तिला तेच म्हणतो, कारण ती एका जागी टिकतच नाही. रांगायच्या वयात तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. पाय लांब, अंगात मांस नाही, केस कायम सुटलेले. भावजय बिचारी तिच्यामागे वेणी घालायला धावायची आणि दमून माझ्याकडे येऊन बसायची. तयार गणवेश घरोघरी पोचवायला मला कुणीतरी हवंच असायचं, तर मी हिला धाडायची. पुडकं काखेत मारून ही जी सुटायची ती मी एक बाही जोडेपर्यंत परत दारात. श्वास फुलायचा नाही. उलट चेहरा असा काही उजळलेला असायचा की मी मशीन थांबवून बघत राहायची.

भावाला हे आवडत नसे. खेळाच्या सरांची मुलगी रस्त्यानं पळते, लोक काय म्हणतील, असं तो मला गंभीरपणे म्हणाला होता. मी म्हटलं, लोक म्हणतील की घरात एक तरी निघाली. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. बरे गेले ते दोन दिवस.

ती तेरा वर्षांची झाली त्या वर्षी वरच्या कार्यालयातून शाळाशाळांत डॉक्टर आले. मुलांची हालचाल फार कमी झाली आहे, ती नीट वाढत नाहीत, अशी म्हणे सगळीकडे ओरड होती. त्यांनी काही अवघड केलं नाही. हॉलमध्ये एक लाकडी पायरी ठेवली आणि मुलांना तिच्यावर चढउतार करायला लावलं. आमच्या शाळेतली बरीचशी पोरं थोड्या वेळात भिंतीला टेकून बसली. एकाला तर पाणी मारावं लागलं. डॉक्टरबाईंनी माझ्या भावाला विचारलं, ही मुलं खेळतात की नाही? तो दुखावला. म्हणाला, तुम्ही चढायला का सांगता, उभं राहायला सांगा आणि बघा. आणि खरोखरच शिट्टी वाजवून त्यानं त्यांना दाखवलं. धापा टाकणारी पोरं धापा टाकत ताठ उभी राहिली. डॉक्टरबाईंनी सामान आवरलं.

त्यानंतर हुकूम आला की प्रत्येक शाळेनं आंतरशालेय स्पर्धेत संघ पाठवलाच पाहिजे. पळवाट नव्हती. मुलींच्या मोठ्या शर्यतीसाठी यानं दोघी निवडल्या. लेखी पेपरात पहिली आलेली एक, आणि रांगेत सगळ्यांत सरळ उभी राहते म्हणून दुसरी. तिसरं नाव भिंगरीचं, ते मुख्याध्यापिकाबाईंनी घातलं, कारण माझं पुडकं घेऊन पळताना त्यांनी तिला खिडकीतून कितीदा तरी बघितलं होतं. त्यांच्यापुढे याला नाही म्हणता येईना.

आणि त्या स्पर्धेला सरकारी क्रीडा वसतिगृहाच्या प्रशिक्षक बाई येणार होत्या. पहिल्या तिघींत जी येईल तिला त्या घेऊन जाणार. राहणं तिथे, शाळा तिथे, आणि सकाळ संध्याकाळ पळणं. पुढच्या वर्षी भिंगरीचं वय बसणार नव्हतं, म्हणजे काय व्हायचं ते याच खेपेला. तिनं ते सगळं मला एका दमात सांगितलं आणि मग माझ्याकडून आतल्या खिशाची चड्डी शिवून घेतली. बोलताना तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. बाबा पाठवतील ना, हे मात्र तिनं मला पुन्हा पुन्हा विचारलं. मी भावाला गाठून विचारलं. तो म्हणाला, बघू. वर म्हणाला, आधी नीट उभी राहायला शिकू दे.

त्यानं तिघींचा सराव घेतला तो बघण्यासारखा होता. हिरवळीवर जायचं नाही, म्हणून व्हरांड्यात. शेजारी वर्ग चालू, म्हणून आवाज करायचा नाही. मग उरलं काय? रेघेवर उभं राहणं. आठवडाभर त्यानं त्यांना रेघेवर उभं केलं. पाय कुठे, हात कुठे, हनुवटी कुठे. पळण्याचं काय, ते सगळ्यांना येतंच, असं त्याचं मत. भिंगरी मात्र घरी आली की माझी सगळी पुडकी पोचवून टाकायची आणि ती संपली की रिकाम्या हातानं तीच घरं पुन्हा पळून यायची.

स्पर्धेच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. मोठं मैदान, पांढऱ्या रेघा, चारी बाजूंना पोरंच पोरं. दुसऱ्या शाळांची मुलंही काही फार चपळ नव्हती. सावली दिसली की बसत होती. मी मनात म्हटलं, भिंगरी यांना लोळवणार. भाऊ पांढऱ्याशुभ्र पोशाखात, मीच शिवलेल्या. प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीपासून फार लांब जायचं नाही एवढं तो सांभाळून होता.

मोठ्या शर्यतीला मुली रेघेवर आल्या. सुरुवातीला बार काढायचं पिस्तूल असतं, ते ऐन वेळी वाजेना. दोनदा चाप ओढला, काही नाही. तेव्हा पंचांनी भोंग्यावरून सांगितलं की आता शिट्टी वाजेल, शिट्टीवर पळायचं. माझ्या भावानं ते ऐकलं. मी त्याच्या शेजारीच होते. त्यानं मान हलवली, जणू पंचांना परवानगी देतोय. आपल्या पोरींना जाऊन दोन शब्द सांगावेत हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

शिट्टी वाजली. बाकीच्या मुली सुटल्या. आमच्या तिघी उभ्या राहिल्या. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना, मान वर, नजर समोर. सगळ्या मैदानात पळापळ आणि रेघेवर या तिघी ढिम्म. भिंगरीचं अंग पुढे झुकलेलं मी बघितलं, टाच उचललेली बघितली. मग तिनं बाजूच्या दोघींकडे पाहिलं, आमच्या बाजूला पाहिलं, आणि टाच खाली ठेवली. लोकांना आधी कळेना, मग हशा पिकला. मी घसा फाटेस्तोवर पळ म्हणून ओरडले. पहिल्या मुली वळणावर पोचल्या तरी आमच्या तिघी उभ्याच होत्या.

मी कपाळाला हात लावून बसले. पण प्रमुख पाहुणे, ज्यांना खेळातलं माझ्या भावाइतकंच कळत होतं, ते टाळ्या वाजवत उभे राहिले. एवढा गलका चालू असताना हललीसुद्धा नाहीत मुली, काय ही शिस्त, असं म्हणाले. शिस्तीची एक ढाल द्यायची होतीच. ती आता कुणाला द्यायची हे ठरलं, असंही म्हणाले. माझ्या भावाची छाती फुगली. मघाशी हसणारे लोकही टाळ्या वाजवायला लागले.

प्रशिक्षक बाई मात्र थेट रेघेकडे गेल्या, मुलींशी बोलल्या आणि मग आमच्याकडे आल्या. साधी बाई, उन्हानं रापलेली. त्या भावाला म्हणाल्या, "चूक आमची आहे सर. मुलींना शिट्टीची वेगळी सवय आहे. तिघींना पुन्हा पळवते, वेळ लावून. ती उंच मुलगी मला बघायचीच आहे."

मला वाटलं, सुटलो. एवढं सोपं होतं ते. त्यानं फक्त बरं म्हणायचं होतं. पण पुन्हा पळायचं म्हणजे पहिल्यांदा चुकलं असं कबूल करायचं, आणि चुकलं तर शिस्त कसली आणि ढाल कसली. हा हिशेब त्याच्या चेहऱ्यावरून सरकताना मी बघितला. आयुष्यात एवढी एकच गोष्ट तो चटकन करतो.

"माझ्या मुली चुकलेल्या नाहीत," तो म्हणाला. "पुन्हा पळायचा प्रश्नच येत नाही."

"अरे, पळू दे तिला," मी म्हटलं. "तुझी मुलगी आहे ती."

"ताई, तू शिवणाचं बघ."

बाईंनी भिंगरीकडे पाहिलं. तुला पळायचंय का, असं तिलाच विचारलं. भिंगरीनं बापाकडे पाहिलं, तो पाहुण्यांकडे बघत होता. तिनं मान खाली घातली. बाई दुसऱ्या शाळेच्या मुलींकडे गेल्या. वळणावर दोनदा थांबून चाललेल्या एका मुलीला त्यांनी तिसरी म्हणून घेतलं.

संध्याकाळी भिंगरी माझ्याकडे आली आणि कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, तुझ्या बापानं सवयच अशी लावली, तुझं काय चुकलं? शिट्टी ऐकली की पाय आपोआप थांबणारच.

"मला कळलं होतं आत्या," ती म्हणाली. "भोंग्यावर सांगितलं तेव्हाच. मी निघालेच होते. पण त्या दोघी उभ्याच राहिल्या. मग एकटी मी पळाले असते, तर सगळ्यांनी म्हटलं असतं की सरांच्या मुलीनंच सरांचं ऐकलं नाही. बाबा किती वाईट दिसले असते."

ती रडली नाही. मी रडले. संतापानं मी हातातली कात्री मशिनवर आपटली. तेरा वर्षांच्या पोरीला सगळं कळलं होतं आणि तिनं आपले पाय, आपलं वसतिगृह, सगळं त्या पांढऱ्या कपड्यांतल्या मख्ख माणसाची लाज राखायला टाकून दिलं होतं. मी तिला तिथेच बसवलं आणि जिना चढून वर गेले. आज याची सालटी काढायची, असं ठरवूनच गेले.

तो खुर्चीवर बसून फडक्यानं ढाल पुसत होता. भावजय भिंतीवर खिळा ठोकायला जागा बघत होती. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. तिला शिट्टीचं कळलं होतं, ती निघाली होती, तुझी मान खाली जाऊ नये म्हणून ती थांबली. शब्द न शब्द सांगितला. ऐकून त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटेल, असं मला वाटत होतं.

त्याचा हात थांबला. भावजयीनं हातोडी खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावला. भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा राग थोडा ओसरला, खोटं कशाला बोलू. वाटलं, लागलं एकदाचं कुठेतरी.

तो बायकोकडे वळला. "ऐकलंस?" म्हणाला. "त्या दोघी सवयीनं थांबल्या. माझी मुलगी समजून उमजून थांबली. आणि लोक म्हणतात मी खेळ शिकवत नाही. अगं, हेच तर मी शिकवलं तिला."

मग त्यानं मला विचारलं, ताई, ती खाली आहे ना, पाठव तिला वर, शाबासकी देतो. भावजय माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. तो म्हणाला ते अगदी खरं होतं.